आजीच्या वयाचं गणित

तर झालं असं, की भोकरदनच्या बसमध्ये माझ्या दोन आज्यांचं भांडण लागलं आणि ते मिटवायला मला गणित करावं लागलं.

दोन आज्या म्हणजे एक माझी सख्खी आजी, पप्पांची आई. दुसरी धाकटी आजी, तिची जाऊ. दोघी मुळात मामे-आते बहिणी, नंतर एकाच घरात सुना म्हणून आल्या. दोघींचे नवरे आता नाहीत. जुन्या घराच्या दोन खोल्यांत दोघी राहतात. स्वयंपाक वेगळा, चहा एकत्र. मिरचीचा हंगाम असला की ओट्यावर बसून देठं खुडतात आणि गावातल्या प्रत्येक घराची माहिती एकमेकींना पुरवतात. आणि दर संकष्टीला दोघी एसटीने राजूरला जातात. जालना रस्त्यावर राजूर आहे, आमच्या तालुक्यातलं गणपतीचं मोठं ठिकाण. अंगारकीला तर तिथे पाय ठेवायला जागा मिळत नाही.

२०२५ च्या जूनमध्ये पेपर संपवून मी भोकरदनला गेले होते, तेव्हा मीही त्यांच्याबरोबर निघाले. बस सुटली, कंडक्टर आला. धाकट्या आजीने पिशवीतून आधार कार्ड काढून ऐटीत पुढे धरलं. कंडक्टरने मशीनमधून शून्य रुपयांचं तिकीट काढून तिच्या हातात दिलं. ७५ च्या पुढच्या सगळ्यांना एसटीचा प्रवास फुकट आहे, २६ ऑगस्ट २०२२ पासून. मग आजीचं कार्ड. त्यावर जन्मतारीख ०१/०१/१९५२. म्हणजे वय ७३. हाफ तिकीट. मग मी. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना सरसकट अर्धं तिकीट आहे, त्यामुळे माझंही हाफ.

आजीने दोन्ही तिकिटं हातात घेऊन उलटसुलट करून बघितली.

"हिचं किती?"

"हाफ," कंडक्टर म्हणाला.

"आन् माझं?"

"तुमचं बी हाफ, आजी."

"वीस वर्साच्या पोरीचं हाफ अन् माझंबी हाफ? मंग मी म्हातारी कशापायी झाले?"

सगळी बस हसली. एवढ्यावर भागलं असतं. पण धाकटी आजी म्हणाली, "कागदावर मी मोठी हाये. सरक तिकडं, खिडकी माझी."

आता यातलं दुखणं असं आहे, की धाकटी आजी आजीच्या लग्नात करवली होती. हातात कलश घेऊन नवरीच्या मागे उभी राहायची, आठ-नऊ वर्षांची पोर. आजी तिचं नाक पुसायची, असं आजीचं म्हणणं. (धाकट्या आजीला हे म्हणणं मान्य नाही.) पण आधार कार्डावर धाकटीची तारीख आहे ०१/०१/१९४७. म्हणजे कागदोपत्री करवली नवरीपेक्षा पाच वर्षांनी मोठी!

राजूर येईपर्यंत आजी एक शब्द बोलली नाही. दर्शन झालं, परतीच्या बसमध्ये बसलो, तेव्हा मला म्हणाली, "तू इंजिनेर हायेस ना? मंग काढ माझं वय."

मी तिसऱ्या वर्षाला आहे आणि मॅथ्स थ्रीमध्ये माझी केटी आहे. पण हे आजीला सांगण्यात काही अर्थ नव्हता.

हे एक जानेवारीचं प्रकरण काय आहे, ते तुमच्यापैकी ज्यांची आजी खेड्यात आहे त्यांना माहीत असेल. देशातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० ला आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिलं गेलं. मग हळूहळू गावोगाव कॅम्प लागले. शाळेचा दाखला नसलेल्या म्हाताऱ्या माणसांना मशीनवरचा पोरगा विचारायचा, "आजी, वय किती?" आजी म्हणायची, "तूच बघ अन् सांग." मग तो चेहऱ्याकडे बघून एक साल टाकायचा, पुढे एक जानेवारी. आमच्या आजीचा तेव्हा एकही दात पडलेला नव्हता. धाकटीच्या तोंडात चारच उरले होते. बाकी सगळा हिशोब त्या दातांनी केला.

माझी अडचण वेगळी होती. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये. शाळेत मराठी बोललं तर दंड, घरी मम्मी-पप्पा अर्धं इंग्रजी. मला मराठी बोलता येतं, पण कोणी "एकोणऐंशी" म्हटलं की मी आधी मनातल्या मनात सेव्हन्टी नाइन आहे की एटी नाइन ते तपासते. आजी सगळं सांगायची ती सणांवरून, पिकांवरून. चैत्र, वैशाख मला क्रमाने येत नव्हते. म्हणजे इनपुट एका लिपीत, प्रोसेसर दुसऱ्या. (हा लेखही मी लिहिल्यावर मराठी विभागाच्या संपादकांनी त्यातल्या वेलांट्या सरळ केल्यात, त्यांचे आभार.)

वही घेऊन मी ओट्यावर बसले. पहिला प्रश्न विचारला, "आजी, तुझा जन्म कधीचा?"

"पोळ्याच्या करीचा."

"कुठल्या वर्षी?"

"ते काय ठावं बाई. आमच्या आईनं पोळ्याची कर सांगितली. वर्स कोन सांगतं?"

हे मला फार वेळ पचलं नाही. आपण उलटं करतो ना! आपल्याला साल पाठ असतं, तिथी गेली तरी चालते. आजीला दिवस पक्का माहीत होता, फक्त वर्ष माहीत नव्हतं. बैलांचा सण झाला, दुसऱ्या दिवशी ती झाली, बस. गावात बैल असेपर्यंत तिचा वाढदिवस चुकायची भीती नव्हती.

मग मला आमच्या भोकरदनचीच गोष्ट आठवली. गावाबाहेरच्या लोकांना माहीत नसतं म्हणून सांगते. भोकरदन म्हणजे जुनं भोगवर्धन. सांची आणि भरहुतच्या स्तूपांवर दान देणाऱ्यांची नावं कोरली आहेत, त्यांत भोगवर्धनची माणसं आहेत. केळणा नदीच्या काठी हे गाव दोन हजार वर्षं तरी नांदतं आहे. १९७३-७४ मध्ये नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी मिळून इथे उत्खनन केलं. त्यात हस्तिदंती स्त्रीची एक लहानशी मूर्ती मिळाली, मोडकी. आणि गंमत म्हणजे तशाच धाटणीची मूर्ती १९३८ मध्ये इटलीत पॉम्पेईला सापडली होती. पॉम्पेई इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं. म्हणजे ती मूर्ती ७९ च्या आधीची असणार, हे कुठल्याही कागदाशिवाय सिद्ध होतं! आजीला हे उत्खनन आठवतं, पण तिच्या पद्धतीने. "नागपूरची मानसं यायची अन् दिवसभर खापरं धुवत बसायची. आम्हाला वाटायचं, शिकलेली दिसतात, पन घरी भांडी नसतील."

मी ठरवलं, आजीचंही असंच करायचं. कागद नाही तर नाही. अलीकडची हद्द शोधायची, पलीकडची हद्द शोधायची आणि मधली जागा कमी करत आणायची.

अलीकडची हद्द तिने न मागता दिली. रझाकारांच्या दिवसांत तिच्या आईने तिला घेऊन रातोरात बैलगाडीतून गाव सोडलं होतं. आमचा तालुका निजामाच्या राज्याच्या काठावर होता. पारधच्या पुढे धाड, आणि धाड म्हणजे बुलढाणा, म्हणजे वऱ्हाड, म्हणजे निजामाच्या राज्याबाहेर. आजीच्या आईचं माहेर त्या बाजूला. गाडीत कडबा भरला, कडब्याखाली बायका-पोरं. लेकराने रडू नये म्हणून चिंधीत गुळाचा खडा बांधून तो आजीच्या तोंडात दिला होता. ती रात्रभर तो चोखत राहिली आणि एकदाही रडली नाही.

"तू केवढी होतीस तेव्हा?"

"नुस्ती बसाया लागले व्हते म्हनं. रांगत नव्हते."

बसायला लागलेलं बाळ म्हणजे सहा-सात महिन्यांचं. हैदराबादवरची पोलीस कारवाई झाली १३ ते १७ सप्टेंबर १९४८ मध्ये, आणि त्यानंतर पळायचं कारण उरलं नाही. म्हणजे आजी १९४८ च्या पोळ्याची असूच शकत नाही. तो पोळा सप्टेंबरच्या सुरुवातीला होता, ती तेव्हा दहा-बारा दिवसांची असती. राहिले १९४७ आणि त्याआधीचे पोळे.

इथे मी अडकले. १९४७ की १९४६? रझाकारांचा जोर १९४७-४८ मध्ये जास्त होता हे पुस्तकात आहे, पण आजीच्या आईने नेमकी कुठल्या महिन्यात गाडी जोडली ते कोण सांगणार? दोन दिवस माझं काम ठप्प. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी चहा बशीत ओतता ओतता आजी सहज म्हणाली, "माझा बाप मेला तरी एक गोष्ट लई बोलायचा. मी पोटात असताना श्रावनात धोंडा आला व्हता. त्याला सासऱ्यानं धोंडे जेवाया बोलावलं, चांदीची अंगठी कबूल केली अन् दिलीच नाही. मंग पोळा झाला अन् दुसऱ्या दिवशी मी झाले. म्हनायचा, अंगठीऐवजी ही घ्या!"

मी बशी खाली ठेवली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी (मलाही माहीत नव्हतं): चंद्राचं वर्ष सूर्याच्या वर्षापेक्षा साधारण अकरा दिवसांनी लहान असतं. म्हणून दर अडीच-तीन वर्षांनी एक जादा महिना घालतात, तो अधिक महिना, आमच्याकडे धोंड्याचा महिना. त्यात जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालतात आणि शक्तीप्रमाणे दान देतात. पण हा महिना दर वेळी वेगवेगळ्या ठिकाणी येतो, कधी आषाढ, कधी अश्विन. श्रावणातच धोंडा येणं ही रोजची गोष्ट नाही. अलीकडे तो २०२३ मध्ये आला होता, १८ जुलै ते १६ ऑगस्ट. त्याआधी २००४ मध्ये. मध्ये एकोणीस वर्षं. आणि हे एकोणीस काही योगायोगाने येत नाहीत. सूर्याची १९ वर्षं म्हणजे चंद्राचे २३५ महिने, फरक जेमतेम दोन तासांचा. म्हणून एकोणीस वर्षांनी तिथी आणि तारखा जवळजवळ तशाच्या तशा जुळून येतात.

आता २०२३ मधून १९ चारदा वजा करा. १९४७!

बरोबर श्रावणात धोंडा. २०२३ चा पोळा १४ सप्टेंबरला होता, त्यामुळे १९४७ चाही त्याच सुमाराला. नेटवर जुनं पंचांग काढून पाहिलं, १४ सप्टेंबरच निघाला. पोळ्याची कर म्हणजे १५ सप्टेंबर १९४७. मी वहीत त्याखाली दोन रेघा मारल्या. खरं सांगते, तिसऱ्या सेमिस्टरमध्ये सर्किट चाललं तेव्हासुद्धा मला इतका आनंद झाला नव्हता.

मग लक्षात आलं की १५ ऑगस्ट १९४७ हा दिवस त्याच धोंड्यात पडला होता. तिकडे दिल्लीत झेंडा चढत होता, इकडे आजीचा बाप अंगठीवरून रुसला होता. भोकरदनला स्वातंत्र्य मिळायला अजून तेरा महिने होते. आजी देश स्वतंत्र झाल्यावर एका महिन्याने जन्मली, आणि तरीही पारतंत्र्यात जन्मली. १५ सप्टेंबर १९४८ ला ती वर्षाची झाली तेव्हा पोलीस कारवाईचा तिसरा दिवस होता. तिचं दुसरं वर्ष लागून दोन दिवस झाले आणि मराठवाडा मोकळा झाला. मी हे सगळं तिला मोठ्या उत्साहाने सांगितलं. ती म्हणाली, "व्हय का? तरीच माझ्या बापाला अंगठी भेटली नाही. समद्यांचीच धांदल."

इथे लेख संपवता आला असता. पण माझ्यातला इंजिनीअर जागा झाला होता. एका उत्तरावर विश्वास ठेवायचा नाही, दुसऱ्या मार्गानेही तेच यायला हवं, असं आमचे सर लॅबमध्ये सांगतात. म्हणून मी पुढच्या घटना घेतल्या. लग्न? "नेहरू गेले त्या उन्हाळ्यात." १९६४, म्हणजे सतरावं संपायचं होतं, बसतंय. थोरले काका? "लग्नानंतर दोन वर्सांनी." बसतंय. पप्पा सगळ्यांत धाकटे, त्यांचा शाळेचा दाखला आहे, तोही बसतो. मग मी विचारलं, "दुष्काळात तुझ्या पदरी किती मुलं होती?"

१९७२ चा दुष्काळ मला पुस्तकातल्या एका ओळीएवढा माहीत होता. आजीला तो हातांनी माहीत आहे. ती रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची. दुपारी सुकडी मिळायची. रेशनवर तांबडी ज्वारी यायची, मिलो, अमेरिकेची. तिची भाकरी थापताना तुटायची, खाताना घशात अडकायची. मुलांना खडीच्या ढिगाच्या सावलीला झोपवायचं आणि हातोडी घ्यायची.

"तीन व्हती," आजी म्हणाली. "थोरला, मधला अन् पोरगी."

मला एकच आत्या आहे आणि ती १९७५ ची आहे. मी वहीत बघितलं, म्हटलं, "आत्या नंतरची ना गं?"

"ही नव्हं. हिच्या आधीची. दोन वर्साची व्हती. वैशाख वद्य नवमीला गेली. दुष्काळाच्या दुसऱ्या उन्हाळ्यात. कामावरच ताप आला. रातच्याला घरी आनली, पहाटं गेली."

तिने ते बाजारभाव सांगावा तसं सांगितलं. इतका वेळ "दोन वर्सांनी", "त्या उन्हाळ्यात" असं मोघम बोलणारी आजी, तिने ही तिथी एका दमात सांगितली, महिना, पक्ष, दिवस. मी लिहायचं थांबले.

आणि मग मला पाट आठवला.

लहानपणी मे महिन्याची सुट्टी लागली की आम्ही भोकरदनला यायचो. त्या सुट्टीत एक दिवस आजी मला पहाटे उठवून न्हाऊ घालायची. पाटावर बसवायची. परातीत माझे पाय ठेवून पाणी घालायची, पदराने पुसायची, कुंकू लावायची, नवा फ्रॉक द्यायची. आमरस आणि पोळी. पहिला घास ती स्वतः भरवायची. मला वाटायचं, ही माझी गंमत आहे, मी शहरातून येते म्हणून. तो दिवस कधी मेच्या मध्यावर यायचा, कधी जूनच्या तोंडावर, त्यामुळे तो ठरलेला दिवस आहे हे माझ्या डोक्यातच आलं नाही. ज्याला फक्त इंग्रजी कॅलेंडर येतं त्याला तो कसा दिसणार?

सातवीच्या सुट्टीत मी पाटावर बसायला नाही म्हटलं. नुकतीच मोठी झाल्यासारखं वाटत होतं. आमच्या शाळेत कोणाचेही पाय धुवत नाहीत, म्हाताऱ्या माणसाने लहान मुलीचे पाय धुणं मला ऑकवर्ड होतं, आणि हे सगळं मी इंग्रजीत मम्मीला सांगितलं, आजीच्या समोर, तिला कळणार नाही म्हणून. आजीला शब्द कळले नसतील. ती फ्रॉकची पिशवी घेऊन उठली आणि शेजारच्या घरातल्या एका पोरीला बोलावून आणलं. तिला बसवलं, तिचे पाय धुतले. मी आत टीव्ही बघत होते. त्यानंतर दर वर्षी तीच पोर येत राहिली. ती मोठी झाल्यावर दुसरी.

हे आठवून मी ओट्यावर बसून राहिले. आजी देठं खुडत होती. बऱ्याच वेळाने मी विचारलं, "आजी, तिचं नाव काय होतं?"

तिने सांगितलं. ते नाव मी इथे लिहीत नाही. तिचा कुठेच दाखला नाही. ना जन्माचा, ना मृत्यूचा. आमच्या घरात तिचा फोटोही नाही, तेव्हा भोकरदनला मजुराच्या पोरीचा फोटो कोण काढणार? १९७३ च्या वैशाख वद्य नवमीला कुठली तारीख होती ते मी रात्री लॅपटॉपवर काढलं. दोन मिनिटांत निघाली. वहीत मात्र मी ती लिहिली नाही. आजीला तिची गरज नाही, आणि आता मलाही तिथीवरूनच ती लक्षात राहील.

पुढच्या आठवड्यात आम्ही आधारच्या केंद्रावर गेलो. मी वही नेली होती. खिडकीतल्या मुलाने सगळं ऐकून घेतलं, बिचारा चांगला होता. धोंडा, पोळा, एकोणीस वर्षांचं चक्र. त्याने विचारलं, "मॅडम, पण कागद काय आहे?" जन्मतारीख बदलायला पुरावा लागतो, आणि पंचांग पुराव्यात बसत नाही. शाळेचा दाखला? आजी शाळेत गेलेली नाही. जन्माची नोंद? निजामाच्या राज्यात, आडगावात, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी कोण नोंद करणार? तो म्हणाला, "मग थांबावं लागेल. कागदावर १ जानेवारी २०२७ ला पंच्याहत्तर होतील."

मला फार राग आला. दोन हजार वर्षांपूर्वीच्या मोडक्या मूर्तीचं वय जगभर मानतात आणि माझ्या धडधाकट आजीचं कोणी मानत नाही! बाहेर येऊन मी बडबड करत होते. आजीने रस्त्याच्या कडेला टपरीवर चहा सांगितला, बशीत ओतला आणि म्हणाली, "जाऊ दे ना बाई. सरकारनं मला पाच वर्सं उसनी दिली म्हनायचं. अन् पुढच्या साली नाही, त्याच्या पुढच्या जानेवारीपोतर जगायचं हाये म्हनल्यावर यमालाबी सांगाया बरं. थांब बाबा, माझं तिकीट व्हायचंय."

"तुला राग नाही येत?"

"देवाच्या दारात आधार कुठं लागतं?" मग जरा थांबून म्हणाली, "त्यो उपास मोजतो. वर्सं मोजत असता तर त्या पोरीची बी मोजली असती."

एवढं एकदाच ती बोलली. नंतर त्याच दमात चहावाल्याला म्हणाली की साखर कमी टाकत जा, मानसं मरतील.

त्या साली पोळ्याच्या करीला मी होस्टेलवरून तिला फोन केला. वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या, तर तिला कळेना मी काय म्हणते. मी म्हटलं, "आजी, तुला अठ्ठ्याहत्तर पूर्ण झाली." पलीकडे शांतता. मग तिने आतल्या बाजूला ओरडून सांगितलेलं ऐकू आलं, "ऐकलं का गं? अठ्ठ्याहत्तर! पुरी!" धाकटी आजी काहीतरी म्हणाली, ते ऐकू आलं नाही.

मी आणखी एक विचारलं. म्हटलं, पुढच्या वैशाखात मी सुट्टी काढून आले तर चालेल का? मी आता वीस वर्षांची आहे, पाटावर बसायचं माझं वय गेलं. पण पोरीला बोलवायचं, परात धरायची, रस काढायचा, एवढं मला येईल. आजी म्हणाली, "ये की. आंबे तू आन पन. इथले महाग हायेत."

दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा संकष्टी आली. आम्ही तिघी बसमध्ये चढलो. कंडक्टर वेगळा होता. धाकट्या आजीला शून्य रुपयांचं तिकीट, आजीला हाफ, मला हाफ. आजीने पैसे मोजून दिले आणि कोणी विचारलं नसताना त्याला सांगितलं, "अठ्ठ्याहत्तर पुरी झालीत मला. हिनं काढलंय, इंजिनेर हाये."

"मग फुकट बसा की आजी."

"कागद नाय ना."

कंडक्टर पुढे गेला. धाकटी आजी नेहमीप्रमाणे खिडकीशी बसली होती. आजी सीटशेजारी दांडा धरून तशीच उभी राहिली. बस बसस्टँडच्या फाटकातून वळली, तरी ती उभीच. शेवटी धाकटी आजी पुटपुटत उठली, पिशवी उचलली आणि अलीकडे सरकली. आजी तिच्या पुढून आत गेली, खिडकीची काच वर केली आणि बाहेर बघत बसली.